सरांनी माका घेवक नाय

गावात बोलायला कुणाचं काही अडत नाही. मिठबावात तर नाहीच. तिठ्यावर एसटीची वाट बघताना, मासळी घेताना, गजबादेवीला जाता-येता माणसं एकमेकांची विचारपूस केल्याशिवाय पुढे सरकत नाहीत. शाळेतले खेळाचे सर आणि पोराचे बाबा तर पुष्कळदा एकाच मंडळातून कबड्डी खेळलेले असतात. तरी तालुक्याची शालेय स्पर्धा पार पडली की याच दोघांत अबोला सुरू होतो. सर लांबून दिसले की बाबा मोटारसायकल आडवाटेने काढतात. कारण विचारलं तर ते एका वाक्याचं असतं : "सरांनी आमच्या झिलाक खेळवूक नाय."

बोलायची एवढी सोय असलेल्या गावात नेमकं हेच बोलणं का तुंबतं? मानपान, स्वभाव, जुनी भावकी ही उत्तरं सगळ्यांना तोंडपाठ आहेत आणि त्यांत थोडं तथ्यही आहे. पण दोन्हीकडची माणसं भली असली तरी हा घोळ होतोच. दोघांना दिसतं वेगवेगळं, आणि ते एकमेकांना कळवण्याचा जो रस्ता आहे, तोच मुळात कच्चा आहे.

एक सामना, दोन हिशेब

कबड्डीचंच बघू. संघात १२ जण. त्यातले ७ मैदानात आणि ५ बाकावर. म्हणजे संघ कितीही चांगला असो, पाच घरांत त्या संध्याकाळी कुरकुर होणारच. हे गणित सरांनी बदलायचं म्हटलं तरी बदलत नाही.

मैदानाच्या कडेला उभे असलेले बाबा काय बघतात? आपला मुलगा. त्याने किती चढाया केल्या, किती गुण आणले, किती वेळ तो बाहेर बसला. सर बघतात साखळी. चढाईपटू खोलवर आला की कोपऱ्यातल्या गड्याने त्याचा घोटा धरायचा आणि त्याच दमात शेजारच्याने आत झेपावून त्याची परतीची वाट अडवायची. शेजारचा अर्ध्या सेकंदाने मागे पडला तर चढाईपटू तसाच फरफटत मध्यरेषेला बोट लावतो, आणि ज्यांना ज्यांना त्याचा स्पर्श झाला ते सगळे बाद. ही जोडी तोंडाने सांगून जमत नाही. रोज संध्याकाळी तेच तेच पुन्हा करून एकाला दुसऱ्याच्या पायाचा अंदाज यावा लागतो. त्यामुळे आठवड्यातून दोनदा उगवणारा चपळ मुलगा बाकावर राहतो, आणि दिसायला साधा पण एकही दिवस न चुकवणारा कोपऱ्यात उभा राहतो. बाबांना हा पक्षपात वाटतो, कारण त्यांनी सामना पाहिलेला असतो, सराव नाही.

आता उलट बाजू. पोराला रात्री धाप लागली होती. पहाटे उठून त्याने बोटीवरची मासळी उतरवायला हात लावला. मुलीची पाळी सुरू आहे आणि ती कुणाला सांगायला तयार नाही. यातलं काहीही सरांना ठाऊक नसतं. त्यांना दिसतं ते एवढंच, की पोर आज पाय ओढतंय. मग ओरडा बसतो.

रापण ओढताना हेच घडतं. होडी जाळं अर्धगोलात टाकून येते, दोन टोकांचे दोर पुळणीवर येतात आणि दोन जथे ते ओढू लागतात. जाळ्याच्या पोटात काय चाललंय ते दोघांनाही दिसत नाही, म्हणून ते एकमेकांकडे बघत, हाकारे घालत ओढतात. एका टोकाने उगाच जोर केला की जाळं तिरपं होतं आणि मासळी निसटते. जोर करणाऱ्याचा हेतू वाईट नसतो.

शालेय खेळात हा जोर वाढण्याला आणखी एक कारण आहे, आणि ते पोटापाण्याचं आहे. दहावी-बारावीला खेळाडूंना स्पर्धेच्या स्तराप्रमाणे वाढीव गुण मिळतात. राज्याच्या सरकारी नोकऱ्यांत गुणवान खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. त्याचा मूळ शासन निर्णय २००५ चा. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या चढत गेल्याशिवाय तिथवर कुणी पोचत नाही, आणि पहिलीच पायरी, म्हणजे तालुक्याची, देवगडात असते. त्यामुळे "का घेतलं नाही?" हा प्रश्न नुसत्या हौसेचा राहिलेला नाही. तो विचारणाऱ्या बापाला आगाऊ ठरवू नये.

निरोप्या

मग हे दोन हिशेब एकमेकांना कळतात कसे? बहुतेक घरांत पोराच्या तोंडून. सगळी गंमत इथे आहे.

समजा सर म्हणाले, "तुझ्या घोट्याची सूज अजून उतरली नाही. आज पकडीत गेलास तर महिनाभर बसावं लागेल. पुढच्या सामन्याला बघू." मुलगा हिरमुसलाय. या तीन वाक्यांतलं त्याला बोचलं ते एकच, की आज नाही. घरी पोचेपर्यंत घोटाही गळतो आणि पुढचा सामनाही. उरतं : "सरांनी माका घेवक नाय." यात खोटं काही नाही. फक्त कारण गेलं आणि निकाल राहिला. त्यावर घरातून जो निरोप शाळेकडे निघतो, तोही पोराच्याच हाती असतो. बाबा म्हणालेले असतात, "विचार जरा सरांना." पोर विचारत नाही, त्याला उद्या पुन्हा त्याच सरांपुढे उभं राहायचंय.

मुलं लबाड असतात म्हणून हे होतं असं नाही. निरोप्याचा स्वतःचा जीव निरोपात अडकला असेल तर निरोप सरळ पोचत नाही, मग तो निरोप्या कितीही गुणी असो. नको असलेला निरोप मुलं मुळात घेतच नाहीत, असंही होतं. फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शील्डच्या शालेय क्रिकेट सामन्यात शारदाश्रम शाळेच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळीने सेंट झेवियर्सविरुद्ध ६६४ धावांची अखंड भागीदारी केली. डाव घोषित करा, असं त्यांना बाहेरून खुणावलं जात होतं. दोघांनी त्या बाजूला बघायचंच टाळलं, हे त्यांनीच पुढे हसत हसत सांगितलं आहे.

जानेवारीतला आणि डिसेंबरातला

सर्वांत जास्त गैरसमज होतात ते शरीराच्या वाढीवरून. शालेय स्पर्धांचे गट १४, १७ आणि १९ वर्षांखालचे. वय मोजायची रेघ १ जानेवारीला ओढलेली असते. म्हणजे एकाच गटात, एकाच वर्षी जन्मलेला जानेवारीतला मुलगा डिसेंबरातल्यापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा. तेराव्या-चौदाव्या वर्षी एक वर्ष म्हणजे पुष्कळ झालं. कॅनडात रॉजर बार्न्सली या मानसशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये आइस हॉकीच्या खेळाडूंचे जन्ममहिने तपासले, तेव्हा वरच्या संघांत वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेल्यांची गर्दी आढळली. ती मुलं जात्याच हुशार नव्हती. लहानपणी अंगाने थोराड म्हणून निवडली गेली, म्हणून त्यांना सराव जास्त मिळाला, आणि सराव जास्त मिळाला म्हणून ती खरोखरच चांगली झाली. (आपल्याकडे मागच्या पिढीत गुरुजींनी शाळेत घालताना अनेकांचा वाढदिवस १ जूनला लावून टाकला होता. त्यांच्यावर हा अभ्यास कुणी करू म्हटलं तर फजितीच व्हायची.)

त्यात मुलींची उंची झपाट्याने वाढते साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास, मुलग्यांची चौदाव्याच्या. त्या काळात वर्षाला आठ-नऊ सेंटिमीटर सहज वाढतात. हाडं पुढे जातात, स्नायू मागे राहतात. काल सफाईने उडी मारणारा मुलगा आज स्वतःच्याच पायात अडखळतो. गुडघ्याखालचं हाड दुखू लागतं. या दुखण्याला बोस्टनचे ऑस्गुड आणि झुरिकचे श्लाटर अशा दोन डॉक्टरांचं नाव आहे. दोघांनी १९०३ मध्ये ते वेगवेगळं नोंदवलं होतं. वाढ थांबली की ते बहुधा आपोआप जातं. पण तोवर घरी वाटतं की सरांनी पोराचं पार वाट्टोळं केलं, आणि सरांना वाटतं की पोर अंगचोरपणा करतंय. खरं तर एकच प्रश्न विचारायचा असतो : "सहा महिन्यांत उंची किती वाढली?" त्याचं उत्तर घरच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने लिहिलेलं असतं, आणि सर तिथे येत नाहीत.

आचऱ्याचं आडनाव, शिवाजी पार्कचं मैदान

मिठबावाहून किनाऱ्याने दक्षिणेला गेलं की मालवण तालुक्यात आचरे लागतं. त्या गावाचं नाव आडनावात वागवणारे रमाकांत आचरेकर १९३२ साली मालवणात जन्मले आणि मुंबईला शिवाजी पार्कवर शालेय क्रिकेटचे 'सर' झाले. १९९० साली द्रोणाचार्य पुरस्कार, २०१० साली पद्मश्री. २ जानेवारी २०१९ ला ते गेले. त्यांची आणि तेंडुलकरांची गोष्ट नेहमी शतकांसाठी सांगितली जाते. इथे ती वेगळ्या अंगाने बघू : सर आणि घरची माणसं एकमेकांशी नेमकं काय बोलली?

१९८४ मध्ये थोरला भाऊ अजित अकरा वर्षांच्या सचिनला सरांच्या नेटवर घेऊन गेला. पहिल्यांदा त्याला काही धड खेळता आलं नाही. सर घ्यायला राजी नव्हते. तेव्हा अजितने गयावया केली नाही की भावाची तारीफही केली नाही. तुम्ही समोर उभे आहात म्हणून तो बावरलाय, निघून गेल्यासारखं करा आणि लांबून बघा, एवढंच त्याने सुचवलं. सरांनी झाडाआडून पाहिलं आणि मुलाला घेतलं. सरांकडे नसलेली नेमकी एक गोष्ट घरच्या माणसाने त्यांच्या हाती दिली. घ्यायचं की नाही, ते सरांवर सोडलं.

दुसरा प्रसंग त्यानंतरचा. सचिन वांद्र्याच्या शाळेत होता. सामने हवेत तर दादरच्या शारदाश्रमात घाला, असं सरांनी वडिलांना कळवलं. सामने कुठे मिळतील हे सरांनाच ठाऊक, म्हणून ते त्यांनी सांगितलं. रमेश तेंडुलकर कवी आणि मराठीचे प्राध्यापक. त्यांनी मुलाला समोर बसवून विचारलं की खेळाबद्दल तू खरोखर गंभीर आहेस का. तसं असेल तरच शाळा बदल. २०१४ साली आलेल्या आत्मचरित्रात सचिनने हे लिहिलंय. मग जाण्या-येण्याची दगदग बघून मुलाला शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे ठेवायचं ठरलं, आणि ते घरच्यांनी ठरवलं. कुठल्या क्रमांकावर खेळवायचं हे प्राध्यापकांनी सांगितलं नाही, आणि मुलाने कुठे राहायचं ते सरांनी ठरवलं नाही. एवढ्या मोठ्या कारकिर्दीच्या मुळाशी सर आणि घर यांच्यातलं बोलणं मोजून इतकंसंच आहे.

त्या काळाचं सगळंच उचलण्याजोगं मात्र नाही. सरांनी दिलेल्या चपराकेचा किस्सा खुद्द सचिनने कौतुकाने सांगितलाय. तरीही, २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शाळेत मारण्याला आणि मानसिक छळाला बंदी आहे, आणि ती मैदानावरही लागू होते. "सर, झील तुमच्या ताब्यात. काय ता करा," असं म्हणणारे बाबा आजही भेटतात. ऐकायला तो विश्वास वाटतो. पण त्याचा खरा अर्थ, मला यापुढे काही विचारायचं नाही, असा होतो. अमेरिकेचे जॉन हेलस्टेट यांनी १९८७ मध्ये सर, पालक आणि खेळाडू यांचा त्रिकोण मांडला, तेव्हा फार लुडबुड करणारे पालक आणि अजिबात लक्ष न घालणारे पालक, दोघांनाही त्यांनी अडचणीचे धरलं. आपण पहिल्यांनाच नावं ठेवतो.

कधी बोलायचं आणि कधी थांबायचं नाही

अमेरिकेतल्या अनेक शाळांत एक साधा नियम असतो : सामन्यानंतर २४ तास पालकांनी प्रशिक्षकाला काही विचारायचं नाही. कारण उघड आहे. सामना संपतो तेव्हा दोघांचीही छाती धडधडत असते. त्या अवस्थेत माणूस कारण ऐकत नाही, शब्द पकडतो. भोवती दहा माणसं उभी असली की सरांना उत्तर द्यायचं नसतं, तोंड राखायचं असतं. दुसऱ्या दिवशी तेच दोघं शाळेच्या पडवीत दहा मिनिटांत मिटवतात. त्याच शाळांत आणखी एक नियम दिसतो, की कुणाला किती खेळवलं यावर बोलायचंच नाही. तो मला पटत नाही. निवड कशावर होणार, म्हणजे सरावाची हजेरी किती, वजन-वयाचं काय, जोडी कशी ठरते, हे हंगामाच्या आधीच पालकांना कळलं पाहिजे. आधी सांगितलेला नियम पचतो. नंतर सांगितला तर ती सबब वाटते.

२४ तासांच्या नियमाला एक अपवाद आहे आणि तिथे घटकाभरही थांबायचं नाही : डोक्याला मार. कबड्डीत डोक्यावर डोकं आपटणं नवं नाही. मेंदू हादरला तरी बाहेर टेंगूळ येईलच असं नसतं. पोर उठतं, "काय नाय झाला" म्हणतं आणि पुन्हा खेळायला बघतं. उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी, असंबद्ध बोलणं ही लक्षणं काही वेळा दोन-चार तासांनी, घरी गेल्यावर दिसतात. मार बसलेला सरांनी पाहिला आणि लक्षणं आईला दिसणार. दोघांची गाठ पडली नाही तर दोघांनाही अर्धंच ठाऊक. वॉशिंग्टन राज्यात २००६ मध्ये झॅकरी लिस्टेड हा १३ वर्षांचा मुलगा असा मार लागूनही पुन्हा मैदानात उतरला आणि मरता मरता वाचला. त्याच्या नावाने २००९ मध्ये तिथे कायदा झाला. संशय आला तरी खेळाडूला त्या दिवशी बाहेर काढायचं, डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय परत घ्यायचं नाही, आणि दरवर्षी पालकांनी ही माहिती वाचून सही करायची. आपल्याकडे त्यासाठी कायद्याची वाट बघायला नको. सरांनी त्याच संध्याकाळी एक फोन करावा, आणि असा मार बसलेलं पोर गुंगायला किंवा ओकायला लागलं तर घरच्यांनी ते झोपेवर न घालवता दवाखाना गाठावा.

मैदानाच्या कडेने ओरडण्याबद्दल फार लिहायला नको. चढाई ३० सेकंदांची असते. तेवढ्यात पोराला दम राखून 'कबड्डी, कबड्डी' म्हणायचं असतं, समोरचे सात जण बघायचे असतात. सर खुणावतायत मागे ये, आणि बाबा ओरडतायत, "बोनस घे रे!" पोर क्षणभर थबकतं, आणि तेवढ्यात घोटा गेलेला असतो.

चौकट : पहिल्या भेटीत काय बोलावं

*सरांनी सांगावं :* सरावाचे दिवस आणि सुटायची वेळ. निवड कशावर होते. तालुक्याला देवगडात किंवा जिल्ह्याला ओरोसला जाताना सोबत कोण आणि परत किती वाजता. दुखापत झाली तर फोन कुणाला.

*घरच्यांनी सांगावं :* दमा, फिट, जुनं दुखणं, चालू औषधं. गेल्या सहा महिन्यांतली उंची. पोर घरी कोणती कामं करतं. मुलीच्या बाबतीत सरांशी बोलायला अवघड वाटत असेल तर शाळेतल्या एखाद्या बाईंना सांगावं आणि त्यांनी नेमकं तेवढंच सरांच्या कानावर घालावं.

*दोघांनी ठरवावं :* तातडी नसेल तर सामन्यानंतर दुसऱ्या दिवशी बोलायचं, पोराच्या हाती निरोप द्यायचा नाही.

व्हॉट्सॲपवरचा संघ

आता बहुतेक संघांचा व्हॉट्सॲप गट असतो. गाडी किती वाजता, पाण्याची बाटली आणा, सामना उद्यावर गेला, यासाठी त्याच्यासारखं साधन नाही. तक्रारीसाठी मात्र ते सगळ्यांत वाईट. चाळीस जण वाचत असताना सर आपलं म्हणणं मागे घेऊ शकत नाहीत, आणि पालकही नाहीत. मुंबईला कामाला असलेल्या चाकरमानी बाबांना सामना दिसतच नाही, फक्त गट दिसतो. तिथे कुणीतरी टाकलेल्या एका वाक्यावर ते रात्री फोन फिरवतात. त्यांच्यासाठी सरांनी महिन्यातून एकदा दोन मिनिटांचा आवाजी निरोप पाठवला तरी पुष्कळ झालं. आणखी एक पथ्य : प्रशिक्षकाने मुलाला किंवा मुलीला परस्पर, एकट्याला मेसेज करू नये. जे काही असेल ते पालकांच्या फोनवर. यात पोर सुरक्षित राहतं आणि सरांवरही बालंट येत नाही.

राहिला प्रश्न पहिली भेट कधी ठेवायची याचा. शाळा सुरू होतात जूनच्या मध्याला. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात आणि एरवी दर्यावर असणारे बाबा घरी सापडतात. तालुक्याच्या स्पर्धा साधारण त्यानंतर लागतात. ऑगस्ट उजाडला की एकीकडे बोटी निघतात, दुसरीकडे चतुर्थीची धांदल, आणि सभेला फक्त खुर्च्या येतात. म्हणून क्रीडाशिक्षकांनी पालकांची बैठक जुलैतल्या एखाद्या संध्याकाळी लावावी, आणि बाबांनी आईला पुढे करून घरी बसू नये. दोघांनीही यावं. सरांचा नंबर फोनमध्ये घालून घ्यावा, पोराला दमा असेल तर त्याच दिवशी सांगावं.